अंदाजे नाव मोहन

"ए शौनक, ऊठ. तुझी जुम्मेवाली आलीय."

शिपाई कमळाकर हे बोलला ते पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. दोघेतिघे हसले. पाचवा शुक्रवार होता. फहमिदा दळवी दारातल्या पायपुसण्यावर चपला घासून आत आली, काउंटरला हात टेकून उभी राहिली आणि नेहमीसारखं म्हणाली, "दयाराम साहेब हायत?"

हवालदार दयाराम घरत समोरच बसला होता. त्याने खुर्ची ओढली, फडक्याने पुसली, तिच्याकडे सरकवली.

"बस बाय, बस," कमळाकर म्हणाला. "साहेब आता डोळे पुसतील, मग चहा सांगतील. शिस्तीत चालतं आमच्याकडे."

"तू तुझा पासपोर्टचा गठ्ठा बघ ना," दयाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला रागावायचं कुणावर हे ठाऊक असतं, आणि त्या माणसावर रागावता येत नाही हेही.

दयारामला ठाण्यात शौनक म्हणत, ते टीव्हीवरच्या इन्स्पेक्टर शौनक देशमानेवरून. 'ठाणे नंबर सात' ही मालिका रोज संध्याकाळी आठला लागते. त्यातला हा देखणा गडी खुन्याला पकडायच्या आधी मेलेल्याच्या आईसमोर फरशीवर बसतो. टोपी काढून बाजूला ठेवतो, तिचा हात हातात घेतो, आणि हळूहळू त्याचे डोळे भरून येतात. मागे बासरी वाजते. घरोघरच्या बाया पदराने नाक पुसतात आणि म्हणतात, पोलीस असावा तर असा. खरा पोलीस रडला तर बासरी वाजत नाही. कमळाकर वाजवतो.

पण दयारामला शौनक आवडायचा, आणि त्याचं कारण उघड होतं. चिरनेरकडचा हा आगरी माणूस मुळातच हळवा. ठाण्याच्या हद्दीत बेवारस मढं सापडलं की हुकूम ठरलेला होता : घरतला पाठवा. न्हावा शेव्याला जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिवसरात्र धावतात, आणि त्यांच्या खाली सापडलेला माणूस कोण, कुठला, हे विचारायला कुणी गाडी थांबवत नाही. तिथे चादर घेऊन जायचं, पंच गोळा करायचे, पंचनामा लिहायचा, आणि मग त्या मढ्याला नाव शोधायचं. हे काम दयाराम इतकी वर्षं करत आला. प्रत्येक वेळी त्या दिवशी त्याचं जेवणावरून मन उडायचं. सहकारी म्हणायचे, सवय होईल. झाली नाही. मग एक दिवस त्याने टीव्हीवर वर्दीतला माणूस रडताना पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्यात काही खोट नाही.

फहमिदा खुर्चीत टेकली. पन्नाशीची, अंगाने वाळलेली, बोटांना सुया टोचून टोचून काळे ठिपके पडलेले. साड्यांना फॉल लावून देणं हा तिचा धंदा. नवरा मुबारक कुवेतला गाडी चालवायचा, तिथेच वारला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. एकुलता एक मोहसीन, वय चोवीस, न्हावा शेव्याकडच्या कंटेनर यार्डात रोजंदारीवर. जहाज लागलं की आठ-आठ दिवस तिथेच राहायचा, शुक्रवारी नमाजाच्या वेळेला घरी यायचा. पाच डिसेंबरच्या शुक्रवारी आला नाही. काम असेल, असं घरात म्हटलं. बाराच्या शुक्रवारीही आला नाही, फोनही बंद. चौदाला रविवारी ती आणि तिची सून फिजा ठाण्यात येऊन मिसिंग लिहून गेल्या. फिजाच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते.

मिसिंगच्या नोंदीत ठाणे अंमलदाराने तीन ओळी लिहिल्या. उंची, रंग, अंगात निळा शर्ट. मोहसीनला लहानपणी गालफुगी झाली होती, तो भात चमच्याने खातो, झोपेत आईला हाक मारतो, हे सगळंही तिने सांगितलं. ते कुणी लिहिलं नाही. रकान्यात बसत नव्हतं. दयारामने मात्र ऐकलं होतं, म्हणून दर शुक्रवारी ती त्याचंच नाव विचारत यायची.

"काय खबर साहेब?"

"शोध चालू हाय ताई." हे वाक्य म्हणताना दयारामची नजर दर वेळी टेबलाकडे जायची.

चहा आला. तिने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"साहेब, एक बात हाय. मी लिहून देताना सांगितली नाय."

"मग आता सांगा."

"तुमी रागावणार नाय?"

"तुमच्यावर? नाय."

"काल ठाणे नंबर सातमधे शौनक साहेब त्या बाईला बोलला ना, ताई, तुम्ही जे लपवताय तेच मला पायजे. माझ्याकडंच बघून बोलला असं वाटलं. फिजा बी बोलली, अम्मी, दयाराम साहेब तसलेच हायत, त्यांना सांगून टाका." ती पुढे झुकली. आवाज खाली आणला. "मोहसीनला यार्डात काम भेटत नव्हतं. तीन ठिकाणी नाव विचारलं आन् बोलले, जागा भरली. मागून आलेल्या पोरांना घेतलं. मग चौथ्या ठिकाणी त्यानं नाव सांगितलं मोहन."

दयारामच्या हातातला कप तसाच राहिला.

"आडनाव बदलायला लागलं नाय. दळवी तुमच्यात बी हायत, आमच्यात बी हायत. घरात हसायचा, म्हणायचा, अम्मी, एक अक्षर गाळलं आन् हजेरी लागली. मनगटाला तो लाल धागा असतो ना, देवळातला, तो बांधायचा. घरी आला की बाहीत सरकवायचा, मी बघू नये म्हणून. मला शरम वाटली साहेब. आन् भीती बी. खोट्या नावानं काम घेतलं म्हणजे चारसोबीस ना? तो परत आल्यावर तुमीच त्याला आत टाकाल, असं वाटलं. म्हणून गप राहिली. आता यार्डात जाऊन मोहन म्हणून विचारा. मोहसीन विचारलं तर कोण सांगणार? मोहन विचारा."

"विचारतो," दयाराम म्हणाला.

"बघा, मी बोलले फिजाला. तुमी रागावणार नाय." तिने चहा एका घोटात संपवला, हलकी होऊन उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आता सापडंल ना?"

दयारामने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाच काय, त्यालाही कळलं नसतं.

ती गेल्यावर त्याने अकस्मात मृत्यूचं रजिस्टर काढलं. काढायची गरज नव्हती. नोंद त्याच्याच अक्षरात होती आणि त्याला पाठ होती. 'दि. ५ डिसेंबर. पळस्पे फाट्याअलीकडे अज्ञात ट्रेलरखाली सापडून मयत. अनोळखी हिंदू पुरुष, वय अंदाजे पंचवीस. उजव्या मनगटावर लाल धागा. अंदाजे नाव मोहन.'

अंदाजे. सरकारी दप्तरात हा एक शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या आड माणूस तर मावतोच, माणसाची आईसुद्धा मावते.

त्या दिवशी रस्त्यावर जे पडलं होतं त्याला छातीच्या वर एक खांदा, अर्धा चेहरा आणि दोन हात होते. पुरुषाचा धर्म ठरवायला पंच चादर उचलून जिथे पाहतात, तिथे पाहायला ट्रेलरच्या चाकांनी काही ठेवलंच नव्हतं. खिसे नव्हते, फोन नव्हता. फक्त उजवं मनगट शाबूत होतं, आणि त्यावर तो धागा. दयारामने हाताचा फोटो काढला आणि तीन दिवस यार्डायार्डातून हिंडला. अशा मढ्यासाठी एवढं कुणी करत नाही. एका यार्डातला मुकादम तंबाखू मळत म्हणाला होता, "मोहन म्हणून एक होता, असाच धागा बांधायचा. दोनतीन दिवस दिसला नाय. आडनाव? गाव? साहेब, इथं पाचशे पोरं येतात, आमी काय कुंडली मांडतो का?"

म्हणजे मोहन. दयारामला बरं वाटलं होतं. निदान नाव सापडलं.

मग आठ तारखेचा सोमवार. दवाखान्याच्या शवागारातली थंड पेटी बंद पडलेली, दुरुस्तीवाला येतोय येतोय म्हणून येत नव्हता. दयाराम गेला तेव्हा त्या शाबूत हातावर मुंग्यांची रांग लागली होती. त्याने त्या झटकल्या, बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं. त्याच संध्याकाळी टीव्हीवर शौनकने एका बेवारस म्हाताऱ्याला अग्नी दिला. पाऊस पडत होता, शौनक भिजत होता, आणि म्हणत होता, "या जगात बेवारस कुणी नसतं. आज मी याचा मुलगा." दयाराम जेवता जेवता उठला आणि मोरीत जाऊन रडला.

बेवारस मढं सात दिवस ठेवायचं असतं. नऊ तारखेला सकाळी, चौथ्याच दिवशी, तो ठाण्याच्या इन्चार्ज साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. "सायेब, पोराचे हाल बघवत नायत. परवानगी द्या. मी करतो सगळं." साहेबांनी सही केली. सही करायला साहेबांचं काय जातं?

दयारामने पांढरं कापड आणलं, तुळशीचं पान आणलं, अर्ध्या तोंडात पाणी घातलं. नदीकाठच्या स्मशानात लाकडं रचली आणि, "जा बाला मोहन," म्हणून स्वतः अग्नी दिला. रडला, मनापासून रडला. कमळाकरने ते मोबाईलवर घेतलं आणि ठाण्याच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते वर गेलं, वरून कौतुक खाली आलं, एका छोट्या वर्तमानपत्राने 'खाकीतही माणूस असतो' म्हणून फोटो छापला. दयारामचा शौनक झाला तो त्या दिवशी. राख गाढी नदीत सोडली.

तेव्हा फहमिदा मोहल्ल्यातल्या घरात बाराच्या शुक्रवारची वाट बघत फॉल शिवत होती. नियमाप्रमाणे मढं सात दिवस ठेवलं असतं, तर ते बारापर्यंत राहिलं असतं. चौदाला ती आली तेव्हा पेटी दुरुस्त होऊन चार दिवस झाले होते. सात दिवस झाले की मढं लगेच उचललं जातं असंही नाही. निर्दय, कामचुकार, ढिम्म हवालदाराच्या हाती ते पंधरा दिवससुद्धा पडून राहतं. मोहसीनचं नशीब असं, की त्याला दयाळू हवालदार भेटला.

आणि चौदालाही कुणी तिला त्या हाताचा फोटो दाखवला नाही. कारण बेपत्ता मुसलमान होता आणि मयत हिंदू. दोन रजिस्टरं एकाच कपाटात, एकावर एक ठेवलेली होती. स्वतः दयारामने दोन्ही उघडून पाहिली होती, आणि धर्माच्या रकान्यावर बोट ठेवून खालची बंद केली होती.

साहेबांचं नाव अविनाश. पुण्याकडचा, तरुण, इस्त्रीतला माणूस. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ते वर्तमानपत्राचं कात्रण होतं. दयारामने उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेब उठून दार लावून आले.

"घरत, हे अजून कोणाला बोललात?"

"नाय सायेब."

"गुड. बोलू नका."

"सायेब, आईला सांगायला पायजे."

"काय सांगणार? पोलिसांनी तुमच्या मुलाला जाळलं? उद्या सकाळी हे सगळ्या मोबाईलवर असेल. ठरवून जाळला म्हणतील. इकडचे म्हणतील, मुसलमान असून धागा बांधून का फिरत होता. दोन्हीकडचे पन्नास-पन्नास जण चौकात आले की मी काय करू? तुमच्यासारखा रडू?"

"पोराचा दात काढून ठेवलाय दवाखान्यात. तिच्या रक्ताशी जुळवला तर खात्री व्हईल."

"मागणी कोणी करायची? तिने. ती करेल का? तिला माहीत असेल तर. मिसिंग चालू राहू द्या. सात वर्षं सापडला नाही तर कायदा आपोआप मेला म्हणतो."

"सात वर्सं? ती दर शुक्रवारी येते सायेब."

"येऊ द्या. तुम्ही चहा पाजा. तुम्हाला जमतं ते." साहेबांनी काचेवर बोट ठेवलं, अगदी त्या कात्रणावर. "सात दिवसांच्या आत परवानगी दिली त्यावर सही माझी आहे, घरत. तुमच्या इमोशनपायी केली मी ती सही. कळतंय ना? तुमची दोन वर्षं राहिलीत. शांतपणे काढा."

यात एकही शब्द खोटा नव्हता, हीच त्यातली घाण होती. चौकात पन्नास-पन्नास जण आलेच असते. त्यांना मोहसीन नको होता, मोहनही नको होता. जिवंतपणी पोराला त्याच्या खऱ्या नावाने काम न देणारे हेच, आणि मेल्यावर त्याच्या नावाने दगड उचलणारेही हेच.

संध्याकाळी दयाराम घरी आला तेव्हा आशालता, त्याची बायको, बोंबील साफ करत टीव्हीसमोर बसली होती. शौनक एका विधवेला धीर देत होता. बासरी सुरू झाली. दयारामने टीव्ही बंद केला.

"आरं? आता तर रडणार व्हता तो."

"म्हणूनच बंद केला."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि परात बाजूला सारली. त्याने सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की साहेबांपुढे तो जे बोलला त्यात 'आमी' होतं, आणि इथे सगळं 'मी' होतं. मी उचलला, मी ठरवला, मी जाळला.

आशालताने उठून हात धुतले. मग म्हणाली, "एक इचारू? राग नको मानूस."

"इचार."

"तवा तुला त्या पोराचं वायट वाटत व्हतं, का तुला तुझं चांगलं वाटत व्हतं?"

स्मशानात कमळाकरने मोबाईल वर धरलेला दयारामने पाहिला होता. पाहून तो थांबला नव्हता. उलट त्याला आणखी रडू आलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"जा आन् सांग तिला," आशालता म्हणाली. "नोकरी गेली तर जाऊदे. माझा पोर गेला असता आन् सात वर्सं मला कोन चहा पाजत बसला असता, तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं."

दुसऱ्या दिवशी शनिवारी त्याने फुलस्केप कागद घेतला आणि आपला स्वतःचा जबाब लिहिला. लिहिता लिहिता एका जागी अडला. 'जाळले' हा शब्द त्याच्या पेनातून उतरेना. मग त्याने तिथे ठाण्यातला नेहमीचा शब्द लिहिला आणि खाली सही केली. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक ठाण्याच्या आवकमध्ये नोंदवून शिक्का घेतला. शिक्का मारताना कमळाकर वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. "दयाराम, वेडा झालास का?" दयारामने दुसरी प्रत घडी करून खिशात घातली आणि दुपारी मोहल्ल्यात गेला.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत फहमिदा सतरंजीवर बसून कुणाच्या तरी लग्नाच्या शालूला फॉल लावत होती. वर्दी दारात पाहताच ती शालू सावरत उठली.

"सापडला?"

हा एक शब्द तिने इतक्या आशेने म्हटला की दयारामचे पाय उंबऱ्यावरच थांबले.

"बसा ताई. मी... लिवून आणलंय."

त्याने कागद पुढे केला. तिचा चष्मा आतल्या खोलीत होता. तिने आत हाक मारली, "फिजा, जरा वाच." दोन खोल्यांमधल्या पडद्याआडून मेंदी फिकी झालेला एक हात आला, त्याने कागद घेतला. मग पडद्यामागून आवाज आला. शाळेतली मुलगी धडा वाचते तसा, एकेक शब्द सुटा करून.

"'मी, पोलीस हवालदार दयाराम हिरू घरत, लिहून देतो की, दिनांक पाच डिसेंबर रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, पळस्पे फाट्याअलीकडे, अज्ञात ट्रेलरची धडक बसून... मयत नामे...'"

आवाज थांबला.

"वाच," फहमिदा म्हणाली.

"'मयत नामे मोहसीन मुबारक दळवी, वय चोवीस वर्षे.'" मग तोच सुटा आवाज, फक्त पातळ झालेला. "'सदर इसमाची ओळख न पटल्याने, तो हिंदू असल्याच्या गैरसमजातून, सात दिवस थांबणे बंधनकारक असताना, मी दिनांक नऊ डिसेंबर रोजी सदर मयताचा अंत्यविधी केला. यात सर्वस्वी चूक माझी आहे.'"

फहमिदा भिंतीला टेकून खाली बसली. शालूचा काठ तिने मुठीत धरला होता. ती रडली नाही. तिने काहीतरी पुटपुटलं, ते तिचं आणि तिच्या अल्लाचं. मग वर पाहिलं.

"सव्वाअकरा," ती म्हणाली. "म्हणजे घरी यायलाच निघालेला. नमाजला." आणि मग अगदी हळू, जणू आपण काही जास्तीचं तर मागत नाही ना अशा अदबीने, "साहेब, कुठल्या कब्रस्तानात हाय तो?"

दयारामला आता कळलं की त्याने शब्द कुठला लिहिला होता. अंत्यविधी. त्यात आगही मावत होती आणि मातीही. त्या शब्दाने ह्या बाईला अर्ध्या मिनिटासाठी एक कबर दिली होती, आणि ती आता त्यालाच तिच्या हातून काढून घ्यायची होती.

"ताई... कबर नाय."

"नाय?"

"मी जाळला त्याला. लाकडं रचून. मोहन समजून."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. चालू होईना.

"राख?"

"गाढीत सोडली."

"त्याचा बाप समुद्रापलीकडून आला होता," फहमिदा म्हणाली. "कुवेतवरनं. पेटीत. सगळा आला होता. तोंड बघितलं, गुस्लची अंघोळ घातली, खांदा दिला. आन् हा पळस्प्यावरनं नाय आला." तिने दयारामच्या डोळ्यांत पाहिलं. "आग लावताना काय म्हणालात तुमी?"

"जा बाला मोहन, म्हणालो."

"म्हणजे त्याचं नाव बी कुणी घेतलं नाय."

आणि तिथे दयारामला राहवलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, सतरंजीच्या कडेला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, घशातून हुंदका आला, दुसरा आला. यात काही दाखवायचं नव्हतं. कुणी मोबाईल धरला नव्हता. इतक्या वर्षांतलं हे पहिलंच रडणं होतं ज्याची त्याला लाज वाटली, आणि ते थांबवताही येत नव्हतं.

"रडू नका," फहमिदा म्हणाली.

तो थांबेना.

"साहेब, रडू नका म्हणते ना." आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "माझं पोरगं तुमीच उचललं, तुमीच पाणी पाजलं, तुमीच आग दिली. जे माझ्या वाट्याचं ते सगळं तुमी केलं. आता रडणं तरी माझ्यासाठी ठेवा. तुमी रडायला लागलात तर मला तुमची समजूत काढायला लागंल. माझ्यात ताकद नाय."

दयारामने बाहीने तोंड पुसलं. त्याने ओठ दातांखाली धरले आणि तसाच बसून राहिला.

"कागदावर तारीख बरोबर हाय ना? पाच डिसेंबर?"

"बरोबर हाय."

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. ओठ हलत होते, अंगठा पेरावरून पेरावर जात होता. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"त्रेचाळीस," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली. "फिजा, त्रेचाळीस दिवस गेले गं. तुला माहीत नसताना गेले. बाकीचे राहिले."

मग फहमिदा उठली. शालूची घडी घातली, कुणाचा तरी आनंदाचा कपडा म्हणून तो उंच फळीवर ठेवून दिला. कागद पडद्याआडून मागून घेतला आणि मुबारकच्या कागदांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. सात वर्षं, कायदा, दाखला, साहेबांची सही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ते ऐकून घेतलं नसतं.

"आता तुमी जा, साहेब," ती म्हणाली. "आन् परत इथं येऊ नका. माझी सून इद्दतीत हाय, नवरा गेलेल्या बाईला चार महिने दहा दिवस पाळायला लागतात. घरात परका मर्द चालत नाय."

दयाराम उठला. उंबऱ्याबाहेर त्याचे बूट होते. ते घालायला तो पायरीवर बसला, पण नाडी काही केल्या बांधली जाईना. त्याच्या पाठीमागे फहमिदाने दाराला लावलेली वीट पायाने सरकवली आणि दार आतून ओढून घेतलं.